माहेरची तिसरी

८ जानेवारी १९८४, रविवार

रागाच्या भरात लिहितोय. अक्षर वाईट येणार, येऊ दे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.

आज साप्ताहिक आलं. मागच्या महिन्यात त्यात खायच्या शिंपल्यांवरचा माझा लेख आला होता, ‘नवापूरच्या दोन तिसऱ्या’, सोबत मी काढलेल्या आठ आकृत्या. एकवीस वर्षं बोईसरच्या शाळेत चित्रकला शिकवतोय, अकरा वर्षं शिंपा जमवतोय, आणि आयुष्यातला हा पहिला छापील लेख. त्यात आधीच त्या कंपोझिटरने घोळ घातला होता. मी लिहिलं होतं ‘दुसरी तिसरी’, म्हणजे तिसऱ्यांची दुसरी जात. त्याने मध्ये स्वल्पविराम ठोकला आणि ‘दुसरी, तिसरी’ केलं. लेखात जाती दोनच, आणि वाचणारा शेवटपर्यंत तिसरी शोधत बसला. संपादक विश्रामभाऊंना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "लोक समजून घेतात हो, सावे मास्तर."

लोकांनी काय समजून घेतलं ते आज कळलं. पालघरला भगवंत केणी नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांचं पत्र छापलंय. जसंच्या तसं उतरवून ठेवतो: ‘यांपैकी रेघांची जात वाळूत राहते. नवापूरच्या चिखलात ती असू शकत नाही. लेखकाने एकच शिंप दोनदा काढली असावी. "माहेरची" हे तिचे स्थानिक नावही ऐकिवात नाही.’

एकच शिंप दोनदा काढली! मी! पोरांना चौथीपासून सांगत आलो की आधी बघा, मग पेन्सिल टेकवा, तो मी एकच शिंप दोनदा काढतो!

मंदा म्हणाली, "जेवून घ्या आधी." जेवलो नाही.

९ जानेवारी, सोमवार

रात्री भुकेने झोप लागली नाही, हे मंदाला सांगितलेलं नाही.

आज तिसऱ्या तासाला सातवी ब ला निसर्गचित्र काढायला लावून टेबलावर दोन्ही शिंपा शेजारी शेजारी ठेवल्या आणि पुन्हा पाहिल्या. कबूल, वरून पाहणाऱ्याला दोघी जुळ्या वाटतील. रंग तोच पिवळट तपकिरी, नागमोडी नक्षी दोघींवर, माप तेच. पण साधीवरून बोट फिरवलं की घसरतं, दुसरीवर बारीक रेघांत नख अडकतं. शिंप झिजलेली असेल तर या रेघाही पुसल्या जातात. तेव्हा बिजागरीजवळच्या चोचीपुढचा पानासारखा भाग पाहायचा. साधीत तो रुंद आणि सपाट, दुसरीत लांबट. तरीही खात्री नसेल तर शिंप उलटी करायची. आत मांस चिकटल्याची एक फिकट रेघ असते, ती मागच्या बाजूला आत वळते. साधीत हे वळण तिरकं आणि बोथट आहे. दुसरीत सरळ, चुलीच्या तोंडासारखं गोल. हे मला कुणा प्राध्यापकाने शिकवलेलं नाही. दोनशे शिंपा काढून काढून हाताला कळलेलं आहे.

केणींना पत्र टाकलं. तीन ओळी. ‘घरी या. डोळे घेऊन या. नरहरी सावे.’

१२ जानेवारी, गुरुवार

नवापूरवाली आली.

अकरा वर्षं आमच्याकडे तिसऱ्या तीच आणते. तिच्या पाटीतून मंदाने घ्यायच्या, मंदाने शिजवायच्या, मांस काढून झालं की शिंपा माझ्या. माझा अख्खा संग्रह या पातेल्यातून वर आलेला आहे. हे केणींना सांगायची गरज नाही, पण लाजण्यासारखंही त्यात काही नाही. नवापूरची बाई, नवापूरच्या तिसऱ्या. प्रत्येक डबीवर तारीख, त्याखाली ‘नवापूर’, त्याखाली ‘संग्राहक : न. सावे’. पद्धत शास्त्रीय आहे.

फाटकातूनच तिचा तो बसका आवाज आला. "बाई ओ! आज माहेरच्या हायेत!"

मी धावत बाहेर गेलो. पाटीत सगळ्या रेघांच्या. केणींना इथे आणून हे वाक्य ऐकवायला पाहिजे. ‘ऐकिवात नाही’ म्हणे! पालघरच्या बंगल्यात बसून कसं ऐकू येईल? हे नाव का पडलं याचाही मी विचार केलाय. ही तिसरी साधीपेक्षा भरलेली असते, माहेरपणाला आलेल्या मुलीसारखी अंगाने सुखावलेली. म्हणून बायकांनी तिला माहेरची म्हटलं असणार. लेखात मी तसंच लिहिलं होतं.

मंदा म्हणाली, "तिला विचारलंत का कधी, काय म्हणून म्हणते ते?"

"सगळं विचारून कळत नसतं. काही निरीक्षणाने कळतं."

मंदा हसली. तिला हसायला काय झालं?

१५ जानेवारी, रविवार

केणी आले. तिळगूळ घेऊन आले. माणूस तोंडावर इतका गोड बोलतो की भांडायला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. त्याचाच जास्त राग आला.

तासभर भिंग लावून बसले. मग म्हणाले, "सावे सर, माझं चुकलं. जाती खरंच दोन आहेत. आकृत्या तर आमच्या पुस्तकांत नाहीत इतक्या नेमक्या. दोनदा काढल्याचं वाक्य मी मागे घेतो."

मला वाटलं संपलं. तर चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "पण या नवापूरच्या नव्हेत."

"डबीवर लिहिलंय ते दिसत नाही का?"

"डबीवर काहीही लिहिता येतं, सर. शिंप कुठली हे कळलं नाही तर ती नुसती शिंप आहे. शोभेची वस्तू."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी नवापूरला या, ओहोटी नऊच्या सुमाराला आहे. तुमच्या डोळ्यांदेखत खणून काढतो. ते हो म्हणाले. जाताना मंदाला नमस्कार करून तिच्या पोळीची तारीफ करून गेले. लोचट.

२२ जानेवारी, रविवार

हा दिवस लिहायचा नाही असं ठरवलं होतं. पण पोटात ठेवला तर सडेल.

गुडघाभर चिखलात पावणेदोन तास खणलं. केणी पँट दुमडून शेजारी. साध्या तिसऱ्या निघाल्या, सत्तर-ऐंशी. रेघांची एक नाही. एकही नाही! पलीकडे पाच-सहा बायका खणत होत्या. मला आठवलं, आपली नवापूरवाली इथलीच, तिला हाक मारली की ती जागा दाखवेल. मी चिखल तुडवत त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, "नवापूरवाली कुठे भेटेल?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "कंची नवापूरवाली?"

"ती हो, बोईसरला तिसऱ्या घेऊन येते ती नवापूरवाली."

"मास्तर, हितं समदी नवापूरवालीच हायेत. ही पन, ती पन, मी पन. नाव काय तिचं?"

मला नाव सांगता येईना. कपाळावर गोंदण आहे म्हटलं, तर चौघींनी पदर मागे सारून गोंदणं दाखवली. आवाज बसका आहे म्हटलं, तर एक घसा खाकरून म्हणाली, "असा?" सगळ्या हसत सुटल्या. केणीही हसले. तोंड फिरवून हसले, पण खांदे हलत होते ते मला दिसलं.

परत येताना बसस्टँडवर त्यांनी हळूच विचारलं, "सर, रागावू नका. बाजारातून तर घेतल्या नव्हत्या ना?"

एसटीत वेगळ्या बाकावर बसलो.

२३ जानेवारी, सोमवार

ती आली. शाळेला निघायच्या वेळेलाच आली. मी फाटकातच अडवलं.

"खोटं बोलतेस तू! नवापूरला या तिसऱ्या नाहीत. अकरा वर्षं मला फसवलंस!"

आवाज चढला होता, आळीतली दारं उघडली. तिने पाटी डोक्यावरून उतरवलीसुद्धा नाही. म्हणाली, "मास्तर, मी कदी सांगलं का या नवापूरच्या म्हनून? तुमी मला नवापूरवाली बोलता. ती मी. तिसऱ्या नाय."

"मग कुठल्या?"

"खायला बऱ्या लागतात ना? मग झालं."

"कुठल्या ते सांग, नाहीतर पुन्हा या दारात येऊ नकोस!"

ती वळली आणि गेली. उरलेल्या आळीतही थांबली नाही. मंदा ओट्यावर पातेलं घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी छत्री न घेताच निघालो. जानेवारीत छत्री लागत नाही म्हणा.

२९ जानेवारी, रविवार

आठवडाभर घरात तिसऱ्या नाहीत आणि बोलणंही नाही.

आज मंदा बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "तिचं नाव साखरबाई. मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तुम्ही विचारलं नाहीत."

मी पिशवीतली भाजी बाहेर काढायला लागलो.

"आणि माहेरच्या म्हणजे तिच्या माहेरच्या. घिवलीच्या. नवापूरला तिचं सासर. सासरी खणते त्या तुमच्या साध्या, माहेरी खणते त्या रेघांच्या. ते काही जातीचं नाव नव्हे."

माझे कान तापले. ‘माहेरपणाला आलेल्या मुलीसारखी अंगाने सुखावलेली’ हे मी छापून आणलंय! जिल्हाभर वाचलं असेल! तिने निदान सांगायचं तरी होतं. अकरा वर्षं ती बाई सरळ बोलत होती आणि मी शास्त्र काढत होतो, हे आठवून आत्ता लिहितानाही अंगाचा तिळपापड होतोय.

पण घिवली! तिथे वाळू आहे. केणी बरोबर, आणि मीही बरोबर. जाती दोन आहेत, जागा दोन आहेत.

मंदा पुढे सांगत होती, "पण हे आपल्यातच ठेवा. कागदावर नको. तिने मला शपथ घातलीय. तिच्या आईच्या वाट्याचं काहीतरी असतं तिथे, लग्न झालेल्या लेकीने..." पुढचं मी नीट ऐकलं नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक शोधत होतो.

५ फेब्रुवारी, रविवार

मिळाल्या! माझ्या हाताने!

सायकलने घिवलीला गेलो, एकटा. वीज केंद्राच्या बाजूने खाली उतरलं की वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो. बायका खणत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मी अर्धा तास उगाच उकरत होतो. काठावर एक म्हातारी काठी टेकून बसली होती, ती तिथूनच ओरडली, "तितं नाय रं! पान्याच्या रेघंला ये. टाच दाब. खाली टोचलं का तीच."

टाच दाबली. टोचलं. बोटभर खाली रेघांची तिसरी, जिवंत, माझ्या तळहातावर पाणी उडवणारी. अकरा वर्षांत मी तिला पातेल्याबाहेर कधी पाहिलीच नव्हती.

म्हातारीजवळ जाऊन बसलो. आवाज अगदी आमच्या साखरबाईसारखा बसका. खाऱ्या वाऱ्याचा परिणाम असेल. आनंदात होतो, म्हणालो, "तुमच्या गावच्या साखरबाई आमच्याकडे या तिसऱ्या आणतात, ओळखता का?"

म्हातारीने पदर कपाळावर ओढला. "कोन साखर? नाय म्हायीत," म्हणाली, आणि मग कितीही बोललो तरी बोलली नाही. म्हातारपणी माणसं अशी होतात.

१२ फेब्रुवारी, रविवार

लेख पुरा झाला. ‘रेघांच्या तिसरीचा पत्ता’. नकाशा काढलाय, पट्टा, पाण्याची रेघ, पावलं मोजून अंतर. आणि या वेळी मी एक गोष्ट केली आहे जी केणींसारखी शिकलेली माणसं कधी करत नाहीत. नाव दिलं आहे. ‘या तिसऱ्या नवापूरच्या साखरबाई गेली अकरा वर्षे घिवलीच्या या वाळूतून स्वतः खणून आणत आहेत. या शोधाचे श्रेय त्यांचे आहे.’ माझं नाव त्यांच्यानंतर.

त्या दिवशी फाटकात जे बोललो ते मला टोचत होतं, हे इथे लिहायला हरकत नाही. माफी मागायची मला सवय नाही. हे त्याहून बरं झालं. तिची शपथ वगैरे भिडस्तपणाची असणार. आपलं नाव छापून आलेलं कुणाला नको असतं? मला तर आवडलं होतं.

मंदाला दाखवला नाही. एकदम छापलेलाच वाचू दे.

१९ फेब्रुवारी, रविवार

आला! पहिल्या पानावर, नकाशासकट. एकही स्वल्पविराम जास्तीचा नाही.

मंदाने उभ्याउभ्याच वाचला. अंक घडी करून टेबलावर ठेवला. म्हणाली, "तुम्हांला मी काय सांगितलं होतं?"

"अगं, नाव दिलंय तिचं! श्रेय दिलंय!"

ती आत गेली. या घरात कुणाचं चांगलं करायची सोय नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

केणींचं पत्र. अभिनंदन करतात, ४ मार्चला घिवलीला बरोबर येऊ म्हणतात, साखरबाईंना भेटायची इच्छा आहे म्हणतात. हा मोठेपणा त्यांच्याकडे आहे, मान्य करावं लागेल. मान्य करताना दात शिवशिवले.

साखरबाईचा मात्र पत्ता नाही. दुसरीच कुणी बाई येते. तिला विचारलं तर म्हणाली, "ती नाय येत आता." का, ते सांगेना. पेपरात नाव आलं, तर दोन शब्द बोलायला यावं की नाही? एवढं कुणी कुणाचं करतं का?

४ मार्च, रविवार

सगळं लिहायला पाहिजे. एकेक वाक्य.

केणी आणि मी पट्ट्यावर उतरलो तसं बायकांनी खणणं थांबवलं. म्हातारी आज वाळूवर नव्हती. वर, सुक्यात, होडीच्या सावलीला बसली होती, पाटी पालथी टाकून. एक धिप्पाड बाई पुढे आली. "तुमीच का ते, नाव लिवनारे?"

मी मान ताठ करून हो म्हटलं.

"ती बघा तुमच्या साखरची आयस," ती म्हणाली. "जा, तिला दावा तुमचं पेपर."

गेलो. म्हातारीने रागाने नाही, अगदी साधेपणाने सांगितलं. "ही वालू वाट्यानं हाय, मास्तर. घराला एक पाटी. घरात राहील तिनं खनायचं. लेक दुसऱ्या गावात दिली का तिचा हात या वालूला लागायचा नाय. आमच्या आळीनं असं ठेवलंय, माज्या सासूच्या येळपासून. माजं गुडगं गेलं. घरात दुसरं कोन नाय. माजी पाटी साखर खनायची. अर्दी मला, अर्दी ती न्यायची. आता वाटा बंद."

मी त्या धिप्पाड बाईवर ओरडलो. म्हाताऱ्या बाईचं खाणं बंद करता, लाज वाटत नाही? ती माझ्यावर दुप्पट ओरडली.

"आमी काय आंधल्या होतो? अकरा वर्सं साखर खनते, आमाला दिसत नव्हतं? ती आली का आमी पाट फिरवून बसायचो. म्हातारी एकटी हाय, चाललंय तर चालू दे. तुमी पेपरात छापलं. नाव, गाव, नकासा! शालेतल्या पोरींनी घरोघर वाचून दावलं. आता दुसऱ्या बी लेकी बोलतात, साखरला चालतं तर आमाला का नाय? आता पाट कुटं फिरवायची, सांगा!"

केणी दोन पावलं मागे सरले.

म्हातारीने माझा सदरा धरला. "पेपरात आलं म्हनून झालं ना? मग पेपरात दुसरं येऊं दे. लिवा, ते खोटं होतं. साखर कदी आलीच नाय, तुमी दुसरीकडनं आनल्या. मग ह्या बायांना गप बसता येल."

६ मार्च, मंगळवार

नाही लिहिणार. का लिहायचं? जे खरं आहे ते खरं आहे. पहिल्यांदा मला म्हणाले एकच शिंप दोनदा काढली, मग म्हणाले बाजारातून आणली. दोन महिने घासून मी खरं ठरवलं, आणि आता स्वतःच्या हाताने लिहू की मी लबाड आहे? पोरांसमोर उभा कसा राहू? हे नियम करणाऱ्या बायकांनी नियम बदलावा. साखरबाईने आधी नीट सांगायचं होतं. मंदाने हात धरून थांबवायचं होतं.

मंदाने सांगितलं होतं.

८ मार्च, गुरुवार

केणी शाळेत भेटायला आले. म्हणाले, खोटी नोंद छापायची हा गुन्हा आहे, सर, पुढे कुणी अभ्यासाला घेतली तर पिढ्यान्‌पिढ्या चूक चालते. मी म्हटलं, म्हातारीला ते सांगून या. तर म्हणाले, "तेच मला जमत नाहीये." बराच वेळ खडू हातात घेऊन बसले होते.

मंदाशी आज भांडलो. म्हणजे मी भांडलो. तिने एवढंच विचारलं, "तुम्हांला लबाड म्हटलं तर जेवायला कोण घालणार नाही?"

१० मार्च, शनिवार

तीन मसुदे फाडले. पहिल्यात माझीच बाजू जास्त होती. दुसऱ्यात ‘गैरसमजातून’ असा शब्द आला. तिसऱ्यात केणींना दोन टोमणे.

११ मार्च, रविवार

विश्रामभाऊंना स्वतः नेऊन दिलं. हे दिलं:

‘माझ्या १९ फेब्रुवारीच्या लेखातील मजकूर खोटा आहे. रेघांच्या तिसऱ्या मला कोणी आणून दिल्या नाहीत. त्या मी बाजारातून विकत घेतल्या. नवापूरच्या साखरबाई यांचा घिवलीच्या वाळूशी काही संबंध नाही. त्यांचे नाव मी त्यांना न विचारता वापरले. प्रा. केणी यांची शंका बरोबर होती. नरहरी सावे, चित्रकला शिक्षक.’

त्यातलं नावाचं वाक्य तेवढं खरं आहे.

विश्रामभाऊंनी चष्मा काढून विचारलं, "मास्तर, हे छापू? खरंच?" मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. छापा म्हटलं ना!

१९ मार्च, सोमवार

काल धुळवडीलाच अंक आला. आज शाळेत हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. शाळेचं नाव खराब झालं म्हणाले. वार्षिक प्रदर्शनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं, अठरा वर्षं माझं होतं ते. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "मास्तर, बाजारात आज काय नवीन शोध?" मी खुर्ची उचलली होती. खाली ठेवली.

केणींनी साप्ताहिकाला काही लिहिलं नाही. त्यांचे उपकार मानायची वेळ माझ्यावर आली याची चीड वेगळीच.

२२ मार्च, गुरुवार

साखरबाई आली.

मंदा कालच बाजारातून ऐकून आली होती. म्हातारीची पाटी पुन्हा वाळूवर आहे. पेपर पुन्हा घरोघर वाचला गेला आणि बायका म्हणाल्या, मास्तरच लबाड निघाला, आपल्या साखरीवर उगाच आळ. कोण खणतंय ते मंदाने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मला वाटलं, आता ती आली की मी बोलेन. काय बोलायचं ते आंघोळ करताना जुळवून ठेवलं होतं.

ती आमच्या फाटकासमोर आली, पाटी उतरवली, कंबरेवर हात ठेवले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"ओ खोटारड्या! भाईर ये! बाजारातनं शिंपा आनतोस नि गरिबाचं नाव लिवतोस? माज्या आयशीच्या तोंडात माती घालत होतास! मास्तर म्हनवतोस! थू तुज्या शिकल्यावर!"

आळीतली सगळी दारं उघडली. शेजारचे लोक, समोरच्या चाळीतले कारखान्यातले भय्ये, शाळेला निघालेल्या मुली. नवापूरहून बरोबर आलेल्या दोघी बायका तिच्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. पाच मिनिटं ती बोलत होती. मला असं चारचौघांत अरे-तुरे मी शाळेत शिकत होतो त्यानंतर कुणी केलेलं नाही.

ती खरंच चिडली होती की आळीसाठी ओरडत होती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. चिडायचा तिला हक्क होता. माझ्या तोंडाशी इतकं काही आलं होतं की दात दुखायला लागले. शेवटी मीही ओरडलो, तिच्याहून मोठ्याने, "हो! बाजारातल्याच होत्या! तू कधी आणल्या नाहीस! मी खोटं लिहिलं!"

ती थांबली. त्या दोघी बायकांकडे एकदा वळून पाहिलं. मग पाटी उचलायला वाकली. पाटीवर ओला फडका होता. वाऱ्याने त्याचं टोक उडालं, आणि खाली कसल्या तिसऱ्या आहेत ते दिसायच्या आत मी मान वळवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो, ती आळीच्या टोकाला जाईपर्यंत.